कट्टीनंतर

बोलायला उशिरा लागला, लिहायचा कंटाळा करतो, कुकरच्या शिटीला कानांवर हात ठेवतो, हे सगळं आईवडील पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. फाइलमध्ये निम्हान्सचा रिपोर्ट असतो, शाळेच्या काउन्सेलरचं पत्र असतं, कधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही असतं. मित्र नाही, हे मात्र त्या फाइलमध्ये कुठेच नसतं. ते उठता उठता सांगितलं जातं. बहुतेक वेळा आई सांगते, आणि वडील त्या वेळी मुलाच्या चपला शोधत असतात. वाढदिवसाला कोणी बोलावत नाही. अपार्टमेंटच्या खाली मुलं खेळतात, हा बाल्कनीतून बघत बसतो. खाली पाठवला तर थोड्या वेळात रडत वर येतो, आणि काय झालं ते सांगता येत नाही.

मी बेंगळुरूत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. मूळची बेळगावची, शिकले मैसूरला, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमध्ये. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा घरच्याच असल्यामुळे जयनगरच्या आमच्या केंद्रात मराठी कुटुंबं जरा जास्तच माझ्याकडे येतात. आठवडाभर एकेका मुलाबरोबर काम चालतं. शनिवारी सकाळी गट भरतो: आठ ते बारा वर्षांची पाच-सहा मुलं. कोणी ऑटिझमचं, कोणी एडीएचडीचं, कोणाला वाचन-लेखनाची अडचण, आणि एखाददुसरं भावंड किंवा शेजारचं मूल, ज्याच्या फाइलमध्ये काहीच नाही. ही मुलं विरळा आहेत असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, इन्क्लेन या संशोधन संस्थेच्या अभ्यासात देशातल्या पाच भागांतली दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली होती. उत्तर गोवा त्यांपैकी एक. साधारण आठांतल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी निगडित काहीतरी अडचण निघाली. ऐकण्या-बघण्यातले दोष आणि फेफरं हेही त्यात धरलेलं होतं, पण तरीही. चाळीस मुलांच्या वर्गाचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

‘सोशल स्किल्स’ या नावाखाली या मुलांना जे शिकवलं जातं, ते बहुतेक सगळं मैत्रीच्या उंबरठ्यावरचं असतं. नमस्कार कर, नाव सांग, नाव विचार, खाऊ वाट, बोलताना डोळ्यांत बघ. मुलाच्या उद्दिष्टांच्या तक्त्यात ‘दहापैकी आठ वेळा नजरेला नजर देईल’ असं वाक्य मी कित्येकदा वाचलं आहे. मी ते लिहीत नाही. ऑटिझम असलेली कितीतरी मुलं खिडकीकडे बघत असताना जास्त नीट ऐकतात, आणि डोळ्यांत बघायला लावलं की त्यांची सगळी ताकद तेवढ्यावरच खर्च होते. शिवाय मोठ्यांनी शिकवलेली सुरुवात मुलांच्या जगात चालतेच असं नाही. कॅलिफोर्नियात यूसीएलएमध्ये एलिझाबेथ लॉगसन यांनी ‘पीअर्स’ नावाचा कार्यक्रम उभा केला, त्याचं मला पटलेलं सूत्र हे की, मोठ्यांना जे योग्य वाटतं ते शिकवायचं नाही. ज्यांना मित्र आहेत ती मुलं प्रत्यक्षात काय करतात ते बघून तेच शिकवायचं. खेळणाऱ्या घोळक्यात जाऊन ‘मी तुमच्यात खेळू का?’ असं विचारणारं मूल खरं तर क्वचित दिसतं. मुलं आधी कडेला उभी राहतात, खेळ समजून घेतात, लांब गेलेला चेंडू आणून देतात आणि मग हळूच आत शिरतात. हे पायरीपायरीने शिकवता येतं आणि मुलांना येतंही.

पण सुरुवात झाल्यावर पुढे काय? माझ्या गटातली मैत्री सुरुवातीला क्वचितच अडते. ती अडते पहिल्या भांडणानंतर.

दोन मुलांचं सांगते. एक साताऱ्याकडच्या कुटुंबातला, ऑटिझम असलेला, दहा वर्षांचा. मेट्रोची पर्पल लाइन व्हाइटफील्डपासून चल्लघट्टापर्यंत, सगळी 37 स्टेशनं, उलटसुलट कशीही म्हणायचा. दरवाजे डावीकडे उघडणार की उजवीकडे तेही सांगायचा, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही घोषणांसकट. दुसरा कन्नड बोलणारा, एडीएचडीवाला, वर्षाने लहान, एका जागी दोन मिनिटं न बसणारा. पहिल्याला ज्या गोष्टीत रस, तिच्यात दुसऱ्यालाही आला, कारण त्याला गाडी व्हायला आवडायचं. एकजण घोषणा करायचा, दुसरा खोलीभर धावायचा आणि स्टेशन आलं की थांबायचा. हे आम्ही कोणी सुचवलेलं नव्हतं. आम्ही फक्त मधलं टेबल भिंतीला लावलं, म्हणजे रूळ लांब झाला.

एका शनिवारी गाडीने ट्रिनिटीनंतर थेट इंदिरानगर घेतलं. हलसूरू गाळलं. धाकट्याला लवकर पुढे पोचायचं होतं, एवढंच. थोरला किंचाळला, धाकट्याने पुन्हा तेच केलं, थोरल्याने त्याला ढकललं. धाकट्याने ‘जा, कट्टी’ म्हटलं. घरी तो कन्नडमध्ये ‘ठू’ म्हणत असेल. गटात कट्टी चालते. अर्ध्या तासाने तो ते विसरून गेला होता.

थोरला विसरला नाही. पुढच्या शनिवारी धाकटा दारातूनच ‘हाय’ म्हणाला, शेजारी येऊन बसला. थोरला उठून दुसरीकडे गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. धाकटा माझ्याकडे येऊन म्हणाला, त्याला मी आवडत नाही आता. थोरल्याच्या आईला वाटलं, मुलाच्या मनात राग बसलाय, तो सूड धरून आहे. मी त्याला सरळ विचारलं, तू रागावलायस का? नाही म्हणाला. मग बोलत का नाहीस? त्याने माझ्याकडे न बघता, अगदी समजावून सांगितलं: “मावशी, कट्टी त्याने घेतली. त्याने ती कॅन्सल नाही केली.”

त्याच्या मते तो नियम पाळत होता. कट्टी म्हणजे बोलायचं नाही. ज्याने ती घेतली त्यानेच ती मोडायची. न सांगता मोडली तर ती कट्टी कसली? मला हा मुलगा त्या क्षणी अत्यंत प्रामाणिक वाटला. धाकट्याचं त्याने काही वाईट चिंतलं नव्हतं. दोन आठवडे तो एका शब्दाचा मान राखत होता, आणि सगळे त्याला हट्टी म्हणत होते.

अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेने 1994 मध्ये एक पद्धत मांडली: झालेला प्रसंग काड्यांच्या माणसांच्या चित्रांत काढायचा, कोण काय बोललं ते एका फुग्यात आणि मनात काय होतं ते दुसऱ्या फुग्यात लिहायचं, भावनेप्रमाणे रंग वापरायचे. आम्ही फळ्यावर हलसूरूचं भांडण काढलं. दोघांनाही समोर बसवलं. धाकट्याच्या ‘हाय’ला बोलण्याचा फुगा झाला. मनाच्या फुग्यात त्याने सांगितलं, “चला, झालं, आता खेळू.” म्हणजे त्याच्या हिशेबी हायमध्ये कट्टी मिटली होती. थोरला ते वाचत राहिला. मग त्याच्या बाजूचा फुगा: “अजून कट्टी आहे.” आता धाकटा वाचत राहिला. त्याला हे डोक्यातच आलं नव्हतं की आपला शब्द कोणाकडे इतके दिवस राहू शकतो.

मोठी माणसं अशा वेळी हमखास एकाच मुलाला समजवायला जातात, ज्याच्याकडे रिपोर्ट जास्त जाड त्याला. ‘अरे, ते गमतीत म्हणतात, एवढं मनावर घ्यायचं नसतं.’ पण इथे न कळणं दोन्हीकडून होतं. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, 2012 मध्ये हेच मांडलं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हटलं जातं. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही, आणि अडचण त्या दोघांच्या मधली आहे. 2020 मध्ये एडिनबरो विद्यापीठाच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून बघितलं. कानगोष्टीसारखा खेळ: एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने पुढच्याला, असे आठ जण. एका साखळीत सगळे ऑटिस्टिक, दुसरीत कोणीच नाही, तिसरीत एकाआड एक. पहिल्या दोन साखळ्यांत गोष्ट सारखीच पोचली. मिश्र साखळीत तपशील जास्त गळले. माझा शनिवारचा गट कायम मिश्र असतो, शाळेचा वर्गही मिश्रच असतो, म्हणून गळणारच हे धरून चालायचं आणि गळलेलं परत कसं घ्यायचं ते दोघांना शिकवायचं.

तेव्हापासून आमच्या गटात कट्टी घ्यायला कोणाला बंदी नाही. भांडायला बंदी करणाऱ्या शाळा मी बघते, आणि तिथली मुलं भांडण मिटवायला कधीच शिकत नाहीत. पण कट्टी घेतली की ती संपवायची रीत ठरलेली आहे, आणि ती मुलांनीच ठरवली. तोंडाने ‘गट्टी’ म्हणता येतं. बोलायला जमत नसेल तर भिंतीवरच्या खिशातलं हिरवं कार्ड समोरच्याच्या जागेवर ठेवता येतं. किंवा काही न बोलता दोघांचा खेळ मध्ये आणून मांडायचा. समोरचा येऊन बसला तर मिटलं, नाही बसला तर अजून वेळ हवाय असं समजायचं. ही तिसरी रीत थोरल्याने सुचवली. धाकट्याचा अभ्यास वेगळा होता. राग आला की तोंडात येईल ते बोलायचं ही त्याची सवय. त्याला ‘कट्टी’ऐवजी ‘पाच मिनिटं’ म्हणायला शिकवायला बरेच महिने लागले, आणि अजूनही दर वेळी जमत नाही.

माझ्या कामातला सगळ्यात कमी दिसणारा आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. पालकांना तो दाखवणं अवघड जातं. नमस्काराचा व्हिडिओ काढता येतो, दुसऱ्या शनिवारी परत येऊन बसण्याचा काय काढणार?

हरणं हाही याचाच भाग. आमची अर्धी भांडणं हरण्यावरून होतात, म्हणून खेळ निवडताना मी फार विचार करते. कॅरम आणि बुद्धिबळात हरणाऱ्याला आपण कमी पडलो असं वाटतं. कवड्यांचा चौकाबारा बरा, त्यात दान पडतं ते पडतं, तरी सोंगटी मारली गेली की रडारड होतेच. सगळ्यात उपयोगी पडला तो भिकार-सावकार. यात डोकं लागत नाही, पानं उलटतील तसं होतं, आत्ता भिकारी झालेला पुढच्या मिनिटाला सावकार. मेट्रोवाल्या मुलाला तो त्याच्या आजीने शिकवला. कराडहून दर हिवाळ्यात आजी येतात. त्या त्याला कधीही मुद्दाम जिंकू देत नाहीत, यावर सूनबाईंची नाराजी होती. आजींचं म्हणणं, बाहेरची पोरं देणारेत का जिंकू? हरला की तो पानं फेकायचा; आजी पानं गोळा करायच्या, पिसायच्या आणि विचारायच्या, “वाटू का?” उत्तराची घाई नाही. कधी जेवण होऊन उत्तर यायचं, कधी दुसऱ्या दिवशी. भांडणानंतरचा दरवाजा उघडा ठेवणं म्हणजे काय, हे मी पालकांना तासभर समजावते. आजींना ते तीन अक्षरांत येत होतं.

या आजी-नातवाचं बोलणं मध्यंतरी जवळजवळ बंद पडलं होतं. कुठेतरी घरच्यांना सल्ला मिळाला होता, मुलाचा भाषेचा गोंधळ होतोय, घरात फक्त इंग्रजी बोला. असा सल्ला मिळालेली मराठी, तमिळ, तेलुगू घरं बेंगळुरूत मला सतत भेटतात. आईवडील मोडकंतोडकं, कामापुरतं इंग्रजी मुलाशी बोलतात, आणि ज्या एका माणसापाशी मुलासाठी वेळच वेळ आहे, त्या आजीला गप्प बसावं लागतं. 2012 मध्ये कॅनडातल्या हॅम्ब्ली आणि फॉम्बॉन यांनी एका आणि दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची तुलना केली. दोन भाषांमुळे मुलं जास्त मागे पडलेली दिसली नाहीत. हे मी प्रत्येक मराठी घराला सांगते. घरची भाषा काढून घेतली तर ज्यांच्याशी रुसता येतं आणि पुन्हा बोलता येतं अशी पहिली माणसंच आपण मुलापासून तोडतो. दोस्तीचा सराव घरात होतो. शाळेत थेट परीक्षा असते.

शाळेबद्दल एक सांगायलाच हवं. बेंगळुरूच्या खासगी शाळांत शॅडो टीचर, म्हणजे एकाच मुलाजवळ राहून मदत करणारी शिक्षिका, ठेवायची पद्धत आता रुळली आहे. खर्च बहुधा पालक करतात. वर्गात त्यांची गरज असते, यात शंका नाही. पण मधल्या सुट्टीत मी अनेक ठिकाणी बघितलंय: मूल डबा खातंय, शेजारी शॅडो मिस, आणि दोघांच्या भोवती रिकामी बाकं. दुसऱ्या मुलाला काही विचारायचं असेल तर ते मिसला विचारतं: “याला चिप्स चालतात?” अमेरिकेतल्या मायकेल जियानग्रेको यांनी 1997 मध्येच लिहून ठेवलंय की मदतनीस सतत अंगाला लागून राहिली तर मुलाची इतर मुलांशी गाठच पडत नाही. भांडण होऊ लागलं की ती मध्ये पडते, म्हणजे मिटवायची संधीही जाते. आमच्याकडे येणाऱ्या शॅडो टीचरना मी एकच सांगते: सुट्टीत दहा पावलं लांब बसा. प्रश्न आला की मुलाकडे बोट दाखवा. मारामारी झाली तर उठा, रुसवाफुगवा झाला तर बसून राहा. त्यांना भीती वाटते, कारण काही झालं तर जाब त्यांनाच विचारला जातो. म्हणून हे मी आता मुख्याध्यापकांसमोर, पालकांच्या सहीनिशी ठरवून घेते.

आता याची दुसरी बाजू. मिटवायला शिकवणं अंगाशी येऊ शकतं अशी मुलं असतात, आणि त्यांत मुली जास्त.

आमच्याकडे एक मुलगी येते, बारा वर्षांची. तिला ऑटिझम आहे हे दहाव्या वर्षी कळलं, कारण तोवर ती ‘शहाणी’ होती. वर्गात तिचा तीन मैत्रिणींचा गट होता. त्या हसल्या की ही हसायची, त्यांची बोलायची ढब, केस बांधायची पद्धत, सगळं हुबेहूब उचललेलं. घरी आल्यावर दप्तरासकट पलंगाखाली जाऊन पडायची. मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक बायका असं लपवत जगण्याबद्दल आता उघड बोलतात, आणि त्याने माणूस किती खचतं हे संशोधकांनीही नोंदवलं आहे. हिचं आणि मैत्रिणींचं कधीच भांडण झालं नव्हतं. त्यांनी हिची वही लपवली, हिने सॉरी म्हटलं. त्यांनी हिला डब्याला वेगळं बसवलं, हिने सॉरीचं कार्ड करून नेलं. शाळेतून शेरा यायचा, अतिशय जुळवून घेणारी मुलगी.

तिला मी गट्टी शिकवली नाही. तिच्याबरोबर आम्ही दोन याद्या केल्या: भांडणात काय काय होतं, आणि छळात काय काय होतं. भांडणात दोघींना वाईट वाटतं. छळात एकीलाच वाटतं, आणि बाकीच्या बघत असतात. भांडण कधी हिच्यामुळे होतं, कधी तिच्यामुळे. छळात माफी मागणारी ठरलेली असते. तिने वहीत स्वतः एक ओळ वाढवली, ‘छळात नियम रोज बदलतात.’ माझ्या सगळ्या पुस्तकांत मला हे इतकं नेमकं सापडलं नव्हतं. मिटवायचं ते भांडण. छळ मिटवायचा नसतो, तो मोठ्यांना सांगायचा असतो, आणि मोठ्यांनी ‘तूच जरा जुळवून घे’ असं म्हणायचं नसतं. शाळेत जाऊन हे बोलायला तिची आई आणि मी दोघी गेलो. वर्ग बदलून मिळाला.

नव्या वर्गात एक मैत्रीण झाली. दोघींना किडे आवडतात, विशेषतः भुंगेरे. रविवारी लालबागेत जातात, फोनवर फोटो काढतात, घरी येऊन नावं शोधतात. बोलणं कमी असतं. तिच्या आईला सुरुवातीला ते खटकायचं, याला मैत्री म्हणायची का? मी म्हटलं, दर रविवारी दोघी येतात ना?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री आईचा फोन आला, आवाज घाबरलेला. मैत्रिणीने हिला न विचारता हिचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकले होते, स्वतःच्या नावावर. आणि हिने तिला, आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी, कट्टी म्हटलं होतं. “ताई, एवढी एकच मैत्रीण आहे हो. मी तिच्या आईला फोन करू का? हिला सॉरी म्हणायला लावू?”

मी म्हटलं, सॉरी हिने कशाबद्दल म्हणायचं? कोणाला फोन करू नका. दोन दिवस जाऊ द्या, आणि मग फक्त विचारा, तुला गट्टी करायची आहे का, आणि त्याआधी तिने काय करायला हवं असं तुला वाटतं.

बुधवारी मेसेज आला. ‘विचारलं. म्हणाली, करायचीय, पण आधी तिने ग्रुपवर माझं नाव लिहायचं. मी वाट बघतेय.’